मंडळाचा पेन ड्राइव्ह

"वहिनी, तुम्ही तोंड उघडायचं नाही. बाकी सगळं आम्ही बघतो," बाबुराव हिंगे म्हणाले आणि पोह्यांची बशी माझ्यापुढे सरकवली.

मला आजवर कुणी पोह्यांबरोबर धमकी दिली नव्हती. बाबुराव आमच्या इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. ऑडिटमधून निवृत्त झाले, पण मंडळाची खुर्ची अकरा वर्षांत सोडलेली नाही. मी सचिव. त्या रविवारी सकाळी त्यांच्या सेक्टर अडतीसमधल्या घरात आम्ही चौघंच होतो: बाबुराव, त्यांची बायको मेघनाताई, चंडीमंदिरच्या छावणीतून आलेली कांचन आणि मी. कांचनचे यजमान लष्करात कर्नल आहेत. टीपॉयवर लिंबाच्या फोडींशेजारी मंडळाचा निळा पेन ड्राइव्ह पडला होता. त्याला लोकरीचा दोरा बांधलेला होता. हरवू नये म्हणून तो मीच बांधला होता.

"उद्या सकाळी हा ह्यांच्या ऑफिसात जाणार होता," कांचन म्हणाली. "साठ प्रती राहिल्यात ना अजून. काल तुमचा फोन आला म्हणून थांबले."

"म्हणजे कुठे लावला नाही न?" मी विचारलं.

"नाही हो. देवाशपथ."

"झालं तर मग," बाबुराव म्हणाले आणि आतल्या बाजूला तोंड करून ओरडले, "अहो, खलबत्त्यातला बत्ता आणा जरा!"

आमच्या मंडळाची एक जुनी रीत आहे, ती सांगितल्याशिवाय हा बत्ता कशाला ते कळायचं नाही. गणपतीच्या आधी आम्ही आरत्यांची पुस्तिका काढतो. ती छापखान्यात कधीच देत नाही. आम्ही सगळी बदलीवर आलेली माणसं. कुणी बँकेत, कुणी ह्या खात्यात, कुणी त्या, कुणी लष्करात. प्रत्येकाच्या ऑफिसात प्रिंटर आहे आणि सरकारचा कागद आहे. तेव्हा एक पेन ड्राइव्ह घरोघर फिरतो आणि साहेबाची पाठ वळली की जो तो दहा-दहा प्रती काढून आणतो. ह्यात काही चुकतंय असं आमच्यापैकी कुणालाही कधी वाटलं नाही. मला तर अभिमानच होता. मंडळाच्या फेसबुकवर मी दरवर्षी आभार मानायची, नावानिशी आणि ऑफिसानिशी.

माझा नवरा वामन वैरागडे. तोंडावर मी त्याला अहो म्हणते, पण इथे वामनच लिहिणार आहे, कारण रागात माणूस नावानंच बोलतो आणि माझा राग अजून गेलेला नाही. वामन वरोऱ्याचा, मी नागपूरची. इंडस्ट्रियल एरियाच्या पलीकडे विजेचं एक सबस्टेशन आहे, तिथल्या कंट्रोल रूममध्ये तो शिफ्ट इन-चार्ज. एकतीस वर्षं नोकरी, त्यातली सात ह्या शहरात. येत्या मार्चमध्ये निवृत्ती. ह्या माणसाबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की त्यानं कधी रजा वाढवली नाही आणि त्याला कधी मेमो मिळाला नाही. लग्नात जेवायला बसला तरी दिवे जरा मिणमिणले की हा वर बघणार.

पुस्तिकेसाठी तो दोन वर्षं नाही म्हणत होता. "तिथं बाहेरचं काही लावायची मनाई आहे. बोर्ड आहे भिंतीवर."

"बाकीच्यांच्या ऑफिसात बोर्ड नाहीत?" मी म्हणायची. "तुम्हीच एकटे देशाचे राखणदार?"

यंदा मी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी त्यानं पेन ड्राइव्ह खिशात टाकला. ऑफिसातला साधा संगणक नेमका बंद होता, म्हणून त्यानं कंट्रोल रूममधल्या संगणकाला लावला. दहा प्रती निघायला किती वेळ लागतो? चार मिनिटं. संध्याकाळी त्यानं पुस्तिका माझ्यापुढे टाकल्या आणि म्हणाला, "घे. आता जेवायला वाढ."

त्यानंतर अकरा दिवसांनी, मंगळवारी दुपारी दोन वीसला, मीनाक्षी राणा कंट्रोल रूममध्ये पडद्यापुढे बसली होती. मीनाक्षी कंत्राटावरची ऑपरेटर, हिमाचलची, सदतीस वर्षांची, पदरात एक मुलगी. चार वर्षं वामनच्याच शिफ्टला. वामन मागच्या टेबलावर लॉगशीट भरत होता.

"साहब, माउस आप चला रहे हो क्या?" तिनं विचारलं.

"मैं तो यहाँ बैठा हूँ."

पडद्यावरचा बाण आपल्या मनानं चालला होता. तो एका ब्रेकरवर जाऊन थांबला, टिचकी पडली आणि बाहेर यार्डात धाडकन आवाज आला. ब्रेकर म्हणजे आपल्या घरातल्या बटणासारखाच प्रकार, फक्त माणसाहून उंच, आणि तो उघडला की अख्खे सेक्टर अंधारात जातात. मग दुसरा उघडला. मग तिसरा. मीनाक्षीनं माउसची वायर उपटली. बाण चालतच राहिला.

"आपल्या घरात शिरून कोणी आपल्याच चाव्यांनी कपाटं उघडून राहिला अन् आपण सोफ्यावर बसून पाहून राहिलो, असं वाटलं मला," वामननं मला नंतर सांगितलं. एवढं मोठं वाक्य तो सहसा बोलत नाही.

तो यार्डात पळाला. अठ्ठावन्न वर्षांचा, रक्तदाबाची गोळी चालू असलेला माणूस, ऑगस्टच्या चिकट उकाड्यात. प्रत्येक ब्रेकरच्या पेटीत एक खटका असतो. तो एकीकडे असला की हुकूम संगणकाचा, दुसरीकडे केला की फक्त माणसाच्या हाताचा. वामन एकेक पेटी उघडत गेला आणि खटके फिरवत गेला. त्यानं ओरडून सांगितल्याप्रमाणे आत मीनाक्षीनं नेटवर्कच्या सगळ्या वायरी ओढून काढल्या. मग दोघांनी मिळून ब्रेकर हातानं लावले. सत्तेचाळीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात चौकाचौकातले सिग्नल गेले, हॉस्पिटलं जनरेटरवर गेली, सेक्टर चौतीसमधल्या एका क्लासच्या लिफ्टमध्ये सहा मुली अडकल्या आणि त्यातली एक बेशुद्ध पडली. इंडस्ट्रियल एरियात एका कारखान्याच्या भट्टीतलं लोखंड भट्टीतच गोठलं.

ही दोघं तिथे नसती तर सत्तेचाळीस मिनिटांचे दोन-तीन दिवस झाले असते. हे मी बायको म्हणून सांगत नाही. दिल्लीहून तपासाला जे पथक आलं त्यानं तसं लिहिलेलं आहे.

पण शाबासकी द्यायला कुणी आलं नव्हतं. बुधवारी पथकानं संगणक उघडले आणि त्यांना कळलं, की जुन्या नोंदी कुणीतरी पुसल्या आहेत, पण उरलेल्यांत कंट्रोल रूमच्या एका संगणकाला मोबाइल लावल्याचं दिसतं, तीन वेळा. मीनाक्षीनं फोन चार्ज केला होता. झालं! तिचा फोन जप्त झाला आणि तिला रोज सकाळी नऊला बोलावून संध्याकाळपर्यंत ऑफिसच्या व्हरांड्यात बाकावर बसवायला लागले. मे महिन्यात सीमेवर तणाव असताना सायरन वाजून अख्खं शहर अंधारात बसलं होतं, तेव्हापासून इथे जो तो शेजाऱ्याकडे डोळे बारीक करून बघतोच. त्यात टीव्हीवाल्यांना कुठून तरी तिचा फोटो मिळाला. त्याभोवती लाल गोल काढून त्यांनी खाली पट्टी फिरवली, 'अंदर का गद्दार कौन?'

मीही ते बघत होते. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं. सापडलं कुणीतरी, आपल्या घराला झळ नाही, असं वाटत होतं.

गुरुवारी संध्याकाळी अक्षरा मोहालीहून आली. अक्षरा आमची मुलगी, एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते. तिला मराठी समजतं, पण उत्तरं हिंदीत येतात.

"मम्मा, फोन चार्ज करने से इतना सब नहीं होता यार," ती म्हणाली. "ऐसे सिस्टम सीधे इंटरनेट पे होते ही नहीं. कोई चीज़ पहले हाथ से अंदर ले जानी पड़ती है. पेन ड्राइव्ह वगैरह. फिर वो चुपचाप बैठी रहती है, अंदर से दरवाज़ा खोलती है. पक्का किसी ने कुछ लगाया है."

मी गवार मोडत होते. माझे हात थांबले. मी वामनकडे बघितलं. तो ताटातल्या वरणाकडे बघत होता आणि त्याच्या मानेवरची शीर उडत होती. त्याला माहीत होतं.

अक्षरा गेल्यावर मी त्याला ओट्यापाशी गाठलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"यार्डात खटके फिरवून राहिलो होतो तेव्हापासून."

"मग सांगितलं काहून नाही?"

"काय सांगू?" तो म्हणाला. "बायकोनं आरत्या छापायला दिल्या म्हणून शहराची लाइट गेली, असं सांगू? मार्चमध्ये रिटायर होऊन राहिलो मी. एकतीस वर्षांत एक डाग नाही माझ्यावर."

"अन् ती मीनाक्षी?"

"तिच्या फोनमध्ये काही सापडणार नाही. सोडतील तिला."

"अन् नाही सोडलं तर?"

त्यानं आपलं ताट घासायला घेतलं. लग्नानंतरच्या एकतीस वर्षांत त्यानं ताट घासलेलं मी बघितलं नव्हतं.

मी पुढे काही बोलले नाही. हेही इथे लिहून ठेवते, कारण आता कुणाकुणाला वाटतं की मी फार धीराची बाई. मी शुक्रवारभर गप्प होते. देवापुढे दिवा लावला आणि म्हटलं, तिच्या फोनमध्येच काहीतरी सापडू दे रे बाबा. असं मी देवाला सांगितलं.

शनिवारी अपनी मंडीच्या आठवडी बाजारात भाजी घ्यायला गेले. नेहमीचा भाजीवाला टोमॅटो तोलता तोलता म्हणाला, "मैडम, आपके साहब वहीं हैं ना, बिजलीघर में? उस औरत को तो चौक में खड़ा करके मारना चाहिए. सारे शहर को मरवा देती."

मी मान हलवली, होकारार्थी. पिशवी पुढे केली, टोमॅटो घेतले आणि चालायला लागले. वीस पावलं गेल्यावर मला कळलं, की मी काय केलं. मला स्वतःची इतकी शिसारी आली, की तिथेच कोथिंबिरीच्या ढिगापाशी खाली बसले. घरी आल्यावर पहिली गोष्ट केली, ती म्हणजे कांचनला फोन. पेन ड्राइव्ह त्या वेळी तिच्याकडे होता. "कुठं लावू नका," म्हणाले, "अन् हरवू पण नका." तिनं लगेच बाबुरावांना कळवलं आणि म्हणून रविवारी ही पोह्यांची बैठक.

तर मेघनाताई बत्ता घेऊन आल्या. बाबुरावांनी टीपॉयवर जुना पेपर पसरला.

"ह्याचे तुकडे करायचे आणि कचऱ्यात टाकायचे," ते म्हणाले. "विषय संपला."

"तो पुरावा आहे," मी म्हणाले.

"कसला पुरावा? अहो वहिनी, तुमच्याच नवऱ्याची नोकरी वाचवतोय आम्ही!"

"माझ्या नवऱ्याची की तुमची खुर्ची?"

बाबुराव लाल झाले. कांचननं माझा हात धरला. तिचा हात गार होता. "वहिनी, आमच्याकडे नुसता संशय पुरतो. सिद्ध व्हावं लागत नाही. ह्यांची बढतीची फाइल वर गेली आहे. तुम्ही माझ्या जागी असतात तर?"

"तुमच्याच जागी आहे मी," मी म्हणाले. "फक्त तुम्ही अजून लावला नाहीत अन् आम्ही लावून बसलो. तिकडे एक बाई पाच दिवस बाकावर बसून आहे, कांचन. अन् हा आपल्या अकरा घरांतून फिरला आहे. तुमच्या हिशेबानं, तुम्ही-आम्ही सोडून उरलेल्या नऊंच्या ऑफिसात काय झोपून बसलं असेल?"

"आमच्या ऑफिसात काही झालं नाही," बाबुराव म्हणाले, पण ते निवृत्त आहेत. त्यांच्या प्रती त्यांचा जावई काढतो. आणि जावयाचं ऑफिस कुठलं, ते मी इथे लिहीत नाही.

त्यांनी बत्ता उचलला. मी पेन ड्राइव्ह उचलला आणि पर्समध्ये टाकला. बत्ता नुसत्या पेपरावर आपटला आणि टीपॉयच्या काचेला तडा गेला. मेघनाताई किंचाळल्या. बाबुराव दारापर्यंत माझ्यामागे आले. "मंडळ बुडवणार तुम्ही! लोकांचे संसार उठवणार! बाई, तुम्हाला कुणी दारात उभं करणार नाही ह्या शहरात!" ते जिन्यात ओरडत होते आणि शेजारचा सरदारजी दार उघडून बघत होता. मी खाली येऊन रिक्षा पकडली.

घरी वामन बनियनवर पेपर वाचत बसला होता. मी पेन ड्राइव्ह त्याच्या पेपरावर ठेवला.

"तुम्ही बोलता, की मी बोलू?"

त्यानं पेन ड्राइव्ह उचलून पेपरची घडी घातली. मग उठला, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, भांग पाडला. ड्युटीवर जाताना करतो तेवढंच सगळं, त्याच क्रमानं.

"चल," म्हणाला.

दिल्लीच्या पथकाच्या प्रमुख कश्मिरा मॅडम एका सरकारी विश्रामगृहात उतरल्या होत्या. पंचेचाळिशीच्या, बारीक, केस कापलेले, डोळे झोप नसलेले. वामन हिंदीत सुरू झाला तर त्यांनी हात वर केला. "मराठीत बोला. दादरला वाढले मी."

वामननं सांगितलं. मध्ये थांबला नाही, आवाज चढवला नाही. मॅडमनी पेन ड्राइव्ह चिमटीत धरून एका पिशवीत टाकला आणि मग आमच्याकडे असं बघितलं, की मला वाटलं आता हात उचलतील.

"पाच दिवस," त्या म्हणाल्या. "पाच दिवस तुम्ही मला एका निरपराध बाईच्या मोबाइलमध्ये उकरायला लावलंत. वैरागडे, तुम्ही यार्डात जे केलंत ते मी माझ्या अहवालात लिहिलं आहे. एवढ्या वर्षांत असं हातानं सावरलेलं मी फार कमी बघितलं आहे. पण पहिल्या तासात तुम्ही एक वाक्य बोलला असतात तर?"

"पहिल्या तासात मी यार्डात होतो, मॅडम."

"आणि दुसऱ्या तासात?"

त्यांनी पेन ड्राइव्हची पिशवी बंद करून बाजूला ठेवली.

"तुम्हाला वाटतं हे करणाऱ्यांना तुमचं सबस्टेशन हवं होतं?" मॅडम म्हणाल्या. "त्यांना तुमच्या ब्रेकरशी काय करायचंय? त्यांना लोकांनी घाबरायला हवंय. इथे सत्तेचाळीस मिनिटं दिवे गेले आणि देशातल्या वीस शहरांत लोकांनी मेणबत्त्या आणून ठेवल्या. शेजारणीला गद्दार ठरवलं. ते झालं, म्हणजे त्यांचं काम झालं. सरकार काय करतं विचाराल, तर भिंती बांधतं, पथकं ठेवतं, कायदे करतं, मला रात्रंदिवस पळवतं. पण आत शिरलेली वाट मला कोण सांगणार? ज्याच्या हातून चूक झाली तोच. आणि तो घाबरून घरी बसतो, कारण आम्हीच त्याला फाडून खाऊ हे त्याला माहीत असतं. हे आमचं पाप आहे. पण तुमचंही आहे."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "ह्यात फाइल कुणी घातली?"

"मी."

"कुठून आली?"

मी फोनवर मेल काढून दिली. जून महिन्यात आली होती, परराज्यातल्या मराठी मंडळांच्या कुठल्या तरी समन्वय समितीकडून. 'सौ. प्रतिमाताई, परमुलखात राहून आपण जे कार्य करता त्याला आमचा नमस्कार.' खाली आरत्यांची सुधारित पुस्तिका, ज्येष्ठांसाठी ठळक अक्षरांत. शेवटी मंत्रपुष्पांजली, आणि मुखपृष्ठावर आमच्या मंडळाचं नाव आधीच घातलेलं. ती मेल मी वामनला दोनदा वाचून दाखवली होती. मला कधी कुणी असं नावानं लिहिलं नव्हतं.

"अशी समिती अस्तित्वात नाही," मॅडम म्हणाल्या.

"पण सगळ्या आरत्या बरोबर आहेत त्यात," मी म्हणाले. किती वेड्यासारखं बोलले मी!

"असणारच." त्यांनी आपल्या लॅपटॉपवर आमच्या मंडळाचं फेसबुक पान उघडलं. माझीच पोस्ट, गेल्या गणपतीतली. पुस्तिकेच्या प्रती काढून दिल्याबद्दल आभार, आणि खाली नावं, ऑफिसं. आणि शेवटी मी केलेली चेष्टा: 'सबस्टेशनवाले वैरागडेसाहेब दोन वर्षं हुलकावणी देत आहेत, पुढच्या वर्षी मात्र सोडणार नाही!' पुढे हसणारे चेहरे.

"बसून वाचलं आहे त्यांनी," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही कुणाला काय करायला लावू शकता, ते त्यांना तुमच्याहून आधी कळलं."

कुठल्या तरी खोलीत बसून कुणीतरी माझ्या चेष्टा वाचत होतं. माझ्या अबोल्याचा अंदाज घेत होतं. बॉम्ब टाकणाऱ्याचा राग येतो, ह्याची मला किळस आली. ती अजून येते.

वामन म्हणाला, "लिहून घ्या, मॅडम. माझ्या हातानं लावला. बोर्ड वाचून लावला. घरच्यांचा संबंध नाही."

"आहे," मी म्हणाले. "मी हट्ट केला. दोन दिवस बोलले नाही ह्यांच्याशी."

"तू गप न."

"गप राहिले म्हणून तर इथवर आलो!"

"दोघांचंही लिहिते," मॅडम म्हणाल्या आणि कोरा कागद माझ्यापुढे ठेवला. "आता बाकीची घरं. पेन ड्राइव्ह ज्या क्रमानं फिरला त्या क्रमानं. नाव, ऑफिस, तारीख."

मी अकरा नावं लिहिली. पहिलं आमचं, शेवटचं कांचनचं, तिच्यापुढे 'लावलेला नाही' असं. मधली नऊ लिहिताना प्रत्येकीचा चेहरा समोर येत होता. ह्यांच्याच घरी मी दिवाळीचे अनारसे दिले, ह्यांच्याच मुलींच्या डोहाळजेवणाला गाणी म्हटली. लिहून झालं तेव्हा बोटं दुखत होती.

नऊंपैकी दोन ऑफिसांत ते सापडलं, गुपचूप बसलेलं. कुठली दोन, ते आम्हाला सांगितलं नाही. सोमवारी मीनाक्षीला मोकळं केलं. टीव्हीवर त्याची बातमी आली नाही. मंगळवारी वामनचं निलंबन झालं आणि खात्यानं चौकशी लावली. मॅडमचा अहवाल त्याच्या बाजूनं होता, पण खात्याला आपलं नाक वाचवायचं होतं. रोज सकाळी गेटवर येऊन रजिस्टरमध्ये सही करायची आणि आत पाऊल टाकायचं नाही, असा हुकूम निघाला. कंट्रोल रूममधल्या संगणकांच्या सगळ्या खाचा एम-सीलनं बुजवल्या, मोबाइल गेटवरच जमा करायला लागले आणि भिंतीवर कुलपाचं चित्र असलेलं नवं पोस्टर लागलं. जुना बोर्ड त्याच्याखाली तसाच आहे.

मंडळानं मला ग्रुपमधून काढलं. अकराही घरांना नोटिसा आल्या होत्या. गणपतीत कुणी बोलावलं नाही आणि आमच्या घरच्या आरतीला कुणी आलं नाही. अक्षरानं टाळ वाजवले, वामननं घंटी. कांचन एकदा एका शोरूमबाहेर दिसली. तिनं मला बघून न बघितल्यासारखं केलं. तिच्या यजमानांच्या बढतीचं काय झालं, ते विचारायचा मला हक्क नाही.

मीनाक्षीकडे मी एकदा जाऊन आले. हल्लोमाजऱ्याच्या वस्तीत दोन खोल्यांत राहते. तिनं दार अर्धंच उघडलं.

"माफी मागायला आले," मी हिंदीत म्हणाले.

"पाँच दिन मैं उस बेंच पर बैठी, जी," ती म्हणाली. ओरडली नाही. "साहब रोज़ सामने से निकलते थे. रोज़. चार साल हमने एक डिब्बे से खाना खाया है. मुझे लगता था, आज रुकेंगे. आज कुछ बोलेंगे." मग म्हणाली, "मेरी बेटी ने स्कूल बदल लिया. आप जाइए." दार बंद झालं. हे मी वामनला सांगितलं. तो त्या दिवशी जेवला नाही आणि मीही त्याला आग्रह केला नाही.

ऑक्टोबर उजाडला तरी संगणक पुरते साफ होऊन परतले नव्हते. सबस्टेशन हातानं चाललं होतं, जुन्या काळासारखं, आणि हातानं चालवणारी माणसं उरली नव्हती. वामनच्या जागी आलेला इंजिनिअर हुशार आहे म्हणे, पण पडद्यावर वाढलेला.

एका सकाळी वामनला सहीला घेऊन मी स्कूटरवर गेले होते, कारण त्याचा रक्तदाब वाढला होता आणि त्याला एकट्याला सोडवत नव्हतं. तो रजिस्टर पुढे ओढतो आहे, तेवढ्यात आतून मीनाक्षी जाळीच्या कुंपणापर्यंत आली. डोक्याला हेल्मेट, हातात वही. आत मोबाइल चालत नाही, त्यामुळे विचारायचं तर चालतच यावं लागतं. तिनं नमस्ते केलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही.

"तीन नंबर का ब्रेकर नहीं ले रहा," ती म्हणाली. "स्प्रिंग चार्ज है. बटन दबाते हैं, कुछ नहीं होता. नए साहब ने दो बार देख लिया."

वामनचा हात पेनवर तसाच राहिला. "पेटी का दरवाज़ा बंद करके दबाया?"

"बंद ही था."

"पूरा बंद नहीं होता वो. अंदर का स्विच घिसा हुआ है. दरवाज़े को घुटने से ज़ोर से दबाकर रखो, फिर बटन."

"घुटने से?"

"घुटने से. सात साल से मैं ऐसे ही लगा रहा हूँ."

तिनं ते वहीत लिहून घेतलं. वामन सवयीनं गेटकडे दोन पावलं गेला.

"साहब," गार्ड हळूच म्हणाला, "आप नहीं."

वामन थांबला. मीनाक्षीनं ते बघितलं, वही मिटली आणि पाठ फिरवून आत गेली. आम्ही तिथेच उभे राहिलो. गार्डनं खुर्ची पुढे केली, वामननं घेतली नाही. जाळीला बोटं अडकवून तो आतल्या बाजूला कान देऊन उभा होता. मी त्याच्याशी अजून नीट बोलत नव्हते, पण त्या वेळी मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

पाचेक मिनिटांनी यार्डात धाडकन आवाज झाला.

"लागला," वामन म्हणाला.

मग तो रजिस्टरकडे वळला. तारीख घातली, घड्याळ बघून वेळ घातली, सही केली. नावापुढे पदाचा रकाना होता. तिथे त्यानं पेन क्षणभर टेकवला आणि तो रकाना रिकामा सोडून रजिस्टर मिटलं.